पिशवी, पट्टी आणि पहिली पंधरा मिनिटं

क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, नळीतल्या रक्ताची होते, माणसाची नाही. ब्लड सेंटरमधल्या तंत्रज्ञाला पेशंट दिसत नाही. त्याच्यापुढे असतं एक लेबल आणि त्यामागचं चार-पाच मिलि रक्त. नळीवर नाव एकीचं आणि आत रक्त दुसरीचं असलं तरी तपासणी बिनचूक होईल, अहवालही ‘कम्पॅटिबल’ असाच येईल. फक्त तो भलत्याच बाईसाठी खरा असेल. म्हणून इंदूरला आमच्या वॉर्डात नव्या सिस्टर आल्या की रक्त देण्याचं काम पिशवीपासून शिकवत नाही, नमुन्यापासून शिकवतो.

नमुना घेताना नाव कसं विचारायचं यावर बरंच काही अवलंबून असतं. “तुम्ही सुमनताई ना?” म्हटलं की ऐकू कमी येणारी आजी मान डोलावते. गुंगीतला माणूसही “हो” म्हणून मोकळा होतो. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा” किंवा “बाई, अपना पूरा नाम बताओ” असं विचारायचं, उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्यायचं आणि मग ते मनगटावरच्या पट्टीशी आणि फॉर्मशी ताडून बघायचं. रामबाग, लोकमान्य नगरकडच्या जुन्या मराठी घरांतल्या आज्या आल्या की वेगळाच घोळ असतो. लग्नात नाव बदललेलं. फाइलवर कुसुम, आधार कार्डावर माहेरचं विमल, आणि सून सांगते, “आईंना सगळे ताईच म्हणतात.” झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून आलेल्या बायकांत अडचण दुसरी: एकाच वॉर्डात दोन सुनीता, नवऱ्यांची नावंही मिळतीजुळती, वय विचारलं तर “पच्चीस-तीस होगा”. त्यामुळे नुसत्या नावावर कधीच भरवसा ठेवायचा नाही. नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, या दोन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. बेड नंबर ओळखीत धरायचा नाही, कारण रात्रीतून बेड बदलतात. पेशंट बेशुद्ध असेल किंवा लहान मूल असेल तर पट्टी हाच आधार. पट्टी नसेल तर आधी पट्टी बांधायची, मग सुई घ्यायची.

सलाइन चालू असलेल्या हातातून नमुना घ्यायचा नाही, तो पातळ होतो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) नळी आणि लाल झाकणाची साधी नळी पेशंटजवळच भरायच्या आणि तिथेच, पेशंटसमोर उभं राहून लेबल लिहायचं: नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. वॉर्डातल्या दोन सवयी इथे घात करतात. एक म्हणजे आधीच लेबलं चिकटवलेल्या रिकाम्या नळ्या ट्रेमध्ये घेऊन राउंडला निघणं. दुसरी म्हणजे चार-पाच जणांचे नमुने घेऊन काउंटरवर बसून लेबलं लिहिणं. दोन्हींत वेळ वाचतो, आणि दोन्हींतून एकाच्या नावाच्या नळीत दुसऱ्याचं रक्त जातं.

हा घोटाळा पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. ज्याच्या गटाची जुनी नोंद नाही, त्याचा दुसरा नमुना वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या हाताने घ्यायचा. एकाच टोचणीत दोन नळ्या भरून एक खिशात ठेवायची आणि अर्ध्या तासाने ‘दुसरा नमुना’ म्हणून पाठवायची, हा प्रकार सगळीकडे चालतो आणि त्याचा उपयोग शून्य आहे. चूक झाली असेल तर तीच चूक दोनदा पाठवली, एवढंच. गेल्या तीन महिन्यांत रक्त मिळालेलं असेल किंवा गरोदरपण असेल तर नमुना ७२ तासच चालतो. त्या काळात नवी प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार झालेली असू शकतात.

कधी कधी नमुना बरोबर असतो, गट ‘ओ’ येतो आणि तरी ‘ओ’ची एकही पिशवी जुळत नाही. अशा वेळी ब्लड सेंटरवाले बॉम्बे गटाचा संशय घेतात. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट प्रथम नोंदवला. या माणसांच्या पेशींवर एच हे मूळ प्रतिजनच (पेशीची ओळख ठरवणारी खूणच) नसतं, त्यामुळे ‘ओ’ रक्तसुद्धा त्यांना परकं. साध्या तपासणीत ती ‘ओ’च दिसतात. नमुना परत मागितला की “अजून किती वेळा टोचणार?” म्हणून अटेंडर (पेशंटसोबतचे नातेवाईक) चिडतात, तेव्हा हे त्यांना सांगावं लागतं.

पिशवीत काय असतं? एका दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलि रक्त घेतात. ३५० मिलिसाठी दात्याचं वजन किमान ४५ किलो, ४५० साठी ५५ किलोच्या वर, आणि हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी नको. पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घटक वेगळे होतात, आणि प्रत्येकाचं तापमान निराळं आहे. लाल पेशी, म्हणजे पीआरबीसी, २ ते ६ अंशांवर. सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या द्रावणात ३५ दिवस, सॅगएम हे पेशी आणखी टिकवणारं द्रावण घातलं असेल तर ४२ दिवस. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या तबकात, फक्त ५ दिवस. प्लाझ्मा, म्हणजे एफएफपी, उणे ३० किंवा त्याखाली, एक वर्ष. त्याच प्लाझ्मातून क्रायो निघतं: जेमतेम १५-२० मिलि, पण फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या घटकांनी भरलेलं. पिशवीच्या लेबलाचा रंगही ठरलेला आहे: ‘ए’ पिवळा, ‘बी’ गुलाबी, ‘ओ’ निळा, ‘एबी’ पांढरा. रंग नजरेला सावध करतो, तेवढंच त्याचं काम. वाचायचं ते अक्षर.

“पूरा खून दे दो, ताजा” ही मागणी रोज ऐकू येते. रक्त कमी असलेल्या माणसाला लाल पेशी हव्या असतात. सोबतचा प्लाझ्मा म्हणजे त्याच्या थकलेल्या हृदयावर फुकटचं पाणी. शिवाय त्याच पिशवीतल्या प्लेटलेट आणि प्लाझ्मा दुसऱ्या दोघांच्या कामी येतात. “भावाचंच रक्त द्या” हाही हट्ट असतो. जवळच्या नात्यातलं रक्त उलट जास्त धोक्याचं: प्रतिजनांतलं साम्य इतकं असतं की दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पेशंटच्या शरीरात परक्या म्हणून ओळखल्याच जात नाहीत, टिकतात, आणि पुढे त्याच्याच शरीरावर उलटतात. हा आजार बहुधा जीव घेतो. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर ते आधी २५ ग्रे विकिरणातून काढावं लागतं. भावाने दान जरूर करावं, ते दुसऱ्या कुणाला लागेल.

आता पिशवी आणण्याचं. पेशंटची सगळी तयारी झाल्याशिवाय पिशवी मागवायची नाही: संमतीपत्रावर सही, चालू असलेली नस (नसेत बसवलेली सुई), आधीचं तापमान, नाडी, बीपी, श्वास आणि ऑक्सिजन नोंदलेले, ताप असेल तर तोही लिहिलेला. संमती म्हणजे नुसती सही नव्हे. रक्त का द्यायचं, काय त्रास होऊ शकतो, दुसरा उपाय आहे का, हे त्यांच्या भाषेत सांगायचं. याच वेळी आधी कधी रक्त चढलं होतं का, तेव्हा थंडी वाजली होती का, हे विचारून घ्यायचं. आधी तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईत प्रतिपिंडं असण्याची शक्यता जास्त, म्हणून तोही प्रश्न.

नस आधी का, तर पिशवी हातात आल्यापासून घड्याळ चालू होतं. तीस मिनिटांत लावता येत नसेल तर ती लगेच ब्लड सेंटरला परत. त्यानंतर ते घेत नाहीत आणि बरोबरच करतात. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये, इन्सुलिन आणि कुणाच्या तरी डब्याशेजारी, ती ठेवायची नाही. त्या फ्रिजचं तापमान कुणी नोंदत नाही, मागच्या भिंतीला टेकलेली पिशवी गोठते आणि गोठून वितळलेल्या लाल पेशी फुटतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बाहेरच्या सेंटरवरून अटेंडर स्कूटरच्या डिक्कीत, प्लास्टिकच्या थैलीत पिशवी घालून आणतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. फॉर्म देतानाच थर्मोकोलचा डबा द्यायचा. बर्फाची पिशवी आणि रक्ताची पिशवी यांच्यामध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा ठेवायला सांगायचं. प्लेटलेट असतील तर बर्फ अजिबात नको. आणि वाटेत जेवायला थांबायचं नाही, हेही स्पष्ट सांगायचं.

पिशवी आली की ती उजेडात धरून बघतो. लाल पेशींचा रंग जांभळट किंवा काळपट वाटला, वरचा थर गुलाबी झालेला दिसला, गुठळी किंवा बुडबुडे दिसले, हलकेच दाबल्यावर शिवणीतून ओल आली, तर लावायची नाही. प्लेटलेटची तपासणी निराळी: पिशवी दोन्ही हातांत आडवी धरून हळूच झुलवायची. जिवंत प्लेटलेट चपट्या असतात, त्यामुळे उजेडात आत चकाकत्या लहरी फिरताना दिसतात. थंडी लागलेल्या प्लेटलेट गोल होतात, मग पिशवी नुसतीच गढूळ दिसते आणि काही फिरत नाही.

मग पेशंटपाशी पडताळणी, आणि या कामात घाई चालत नाही. दोन जणी, दोघींनी स्वतंत्रपणे. एकीने वाचलं आणि दुसरीने “हां, बरोबर” म्हटलं, तर ती एकाच माणसाची पडताळणी झाली. पेशंटला नाव विचारायचं, पट्टी वाचायची, पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, पिशवीचा युनिट नंबर, गट, आरएच, घटक कोणता, संपण्याची तारीख, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या निगेटिव्ह असल्याची नोंद, हे सगळं अक्षर-अक्षर, अंक-अंक. युनिट नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट होणं ही नेहमीची चूक, म्हणून तो एकीने मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने चिठ्ठीवर बोट ठेवून ऐकायचा. मध्ये फोन आला किंवा कुणी हाक मारली तर परत पहिल्यापासून. फाइल घेऊन काउंटरवर केलेली पडताळणी आम्ही पडताळणी मानत नाही, कारण तिथे पट्टी नसते.

मोठ्या माणसाला १८ किंवा २० गेजची नस पुरते, मुलांना २२-२४. रक्तासाठी बीटी सेटच, म्हणजे रक्त द्यायची जाळीवाली नळीच, हवा. त्यातली जाळी १७० ते २०० मायक्रॉनची असते, बारीक गुठळ्या तिथे अडतात. साधा आयव्ही सेट लावला तर त्या सरळ नसेत जातात. क्लॅम्प बंद करूनच टोक पिशवीत फिरवत घुसवायचं, तिरकं घुसलं तर पिशवीलाच भोक पडतं. चेंबर निम्मा भरायचा, जाळी पूर्ण बुडली पाहिजे. जाळीचा वरचा अर्धा भाग कोरडा राहिला तर रक्त थेंब-थेंब आदळून पेशी फुटतात आणि तिचा अर्धाच भाग कामाला येतो.

त्या नळीतून सोबत काय जाऊ शकतं? ०.९ टक्के सलाइन, बस. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधूनच रक्त पातळ ठेवतं, तेव्हा रिंगर मिसळलं की नळीतच गुठळ्या. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये लाल पेशी एकमेकींना चिकटतात, फुगतात आणि फुटतात. कोणतंही इंजेक्शन पिशवीत किंवा त्या नळीत टोचायचं नाही, लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषधसुद्धा नाही; द्यायचंच तर रक्त थांबवून, नळी सलाइनने धुऊन.

थंड पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं हा जुना रोग अजून पूर्ण गेलेला नाही. नेहमीच्या वेगाने देताना रक्त गरम करायची गरजच नसते. भराभर खूप पिशव्या द्यायच्या असतील, नवजात बाळाची रक्तबदली असेल किंवा थंडीने चिकटणारी प्रतिपिंडं असतील, तेव्हा ब्लड वॉर्मर वापरायचा. ४२ अंशांवर पेशी फुटायला लागतात.

‘अ‍ॅविल आणि डेक्सा देऊनच रक्त लावा’ अशी, अ‍ॅलर्जी दाबणारी औषधं आधीच देण्याची सरसकट ऑर्डर आम्हाला पटत नाही. ज्याला आधी त्रास झालेला नाही, त्याला त्याने फायदा होत असल्याचा पुरावा कमकुवत आहे. शिवाय पेशंट झोपाळतो आणि पहिली लक्षणं सांगायची तोच बंद होतो. ठरवून द्यायचं रक्त रात्री लावू नये, तेही याच कारणाने. रात्री नर्स कमी, दिवा मंद आणि पेशंट झोपलेला.

आता ती पहिली पंधरा मिनिटं. गट न जुळलेलं रक्त ५ ते १० मिलि गेलं तरी भयंकर प्रतिक्रिया होऊ शकते, म्हणून सुरुवातीला मिनिटाला १ मिलि, फार तर २. सेटच्या पाकिटावर ‘२० थेंब म्हणजे १ मिलि’ असं लिहिलेलं असतं. काही सेट १५ चे असतात, पाकीट फेकण्याआधी बघायचं. वीसचा सेट असेल तर मिनिटाला २० थेंब. या पंधरा मिनिटांत सिस्टर पेशंटजवळ थांबते. दुसऱ्या बेडचं इंजेक्शन थांबतं, हे थांबत नाही. पेशंटला सांगून ठेवायचं: थंडी वाजली, कंबर दुखली, सुईच्या जागी आग झाली, छातीत दडपण आलं, खाज सुटली, किंवा “काहीतरी होतंय” असं नुसतं वाटलं तरी बोला. “जी घबरा रहा है” ही मालव्यातली तक्रार हसण्यावारी न्यायची नाही. पहिलं लक्षण बरेचदा तेच असतं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तापमान, नाडी, बीपी, श्वास. सगळं ठीक असेल तर वेग वाढवायचा. २८० मिलिची पिशवी तीन तासांत द्यायची तर २८० गुणिले २० भागिले १८०, म्हणजे मिनिटाला साधारण ३१ थेंब. थंड साठ्यातून निघाल्यापासून चार तासांत ती संपलीच पाहिजे. उरलेली थांबवायची, चढवायची नाही, कारण खोलीच्या उष्णतेत जंतू वाढतात. एफएफपी ३७ अंशांच्या पाण्यात, वर आणखी एका प्लास्टिकच्या आवरणात वितळवून येतं, मात्रा किलोमागे १० ते १५ मिलि, एकेक पिशवी अर्ध्या ते एका तासात. त्याची जुळणी लाल पेशींच्या उलट चालते: प्लाझ्मात प्रतिपिंडं असतात, म्हणून ‘एबी’चा प्लाझ्मा कुणालाही चालतो आणि ‘ओ’चा फक्त ‘ओ’लाच. नव्या सिस्टर इथे हमखास गोंधळतात.

त्रास झालाच तर क्रम ठरलेला आहे आणि डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही. रक्त बंद. नस काढायची नाही. बीटी सेट मात्र काढायचा आणि नवा सेट लावून सलाइन सुरू ठेवायचं. जुन्याच सेटमधून सलाइन सोडलं तर नळीतलं वीसेक मिलि रक्त आत जातं, आणि नेमकं तेच नको असतं. मग तापमान, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक, आणि लगेच पट्टी, चिठ्ठी, पिशवी पुन्हा ताडून बघायची. पिशवी चुकीची निघाली तर त्याच मिनिटाला ब्लड सेंटरला फोन. या पेशंटची पिशवी इथे नसेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी स्टँडवर टांगलेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या माणसाला अजून कुणी थांबवलेलं नाही.

पिशवी सेटसकट, टोक बंद करून ब्लड सेंटरला जाते. दुसऱ्या हातातून ताजी ईडीटीए आणि साधी नळी, आणि पहिली लघवी. लघवी लाल असली तर ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात: पेशी तळाला बसून वरचं पाणी स्वच्छ झालं तर साधा रक्तस्राव, वरही लालच राहिलं तर पेशी शरीरात फुटल्या. भूल दिलेल्या पेशंटला कंबर दुखते हे सांगता येत नाही. तिथे अचानक पडलेलं बीपी, जखमेतून झिरपत राहणारं रक्त आणि कॅथेटरच्या पिशवीतला लाल रंग यांवरूनच ओळखावं लागतं.

सगळ्या प्रतिक्रिया सारख्या नसतात. अंगावर नुसत्या गांध्या उठल्या, बाकी सगळं ठीक, तर रक्त थांबवून डॉक्टरांच्या सांगण्यावरून अ‍ॅविल द्यायची आणि उतरल्यावर तीच पिशवी सावकाश पुढे चालू करता येते. चालू करता येणारी प्रतिक्रिया ही एवढीच. घशात आवळणं, घरघर, बीपी कोसळणं असेल तर अ‍ॅड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, लगेच. ताप आधीपेक्षा १ अंशाने वाढून ३८ च्या वर गेला तर तो पांढऱ्या पेशींमुळे आलेला साधा ताप असू शकतो, पण सुरुवातीला ते कळत नाही; पिशवी थांबवूनच शोध घ्यायचा. प्लेटलेट देताना हुडहुडी भरून तडक ताप चढला तर जंतूंचा संशय आधी घ्यायचा, कारण त्या खोलीच्या तापमानावर ठेवलेल्या असतात. अशा वेळी पिशवी आणि पेशंट दोघांच्याही रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवायचं.

दम लागण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. वयस्क, कमी वजनाची, महिनोन्‌महिने रक्त कमी असलेली बाई, पिशवी भराभर गेली, बीपी वाढलं, मानेच्या शिरा फुगल्या: हा पाण्याचा भार. डोकं उंच, ऑक्सिजन, लॅसिक्स. दुसरीकडे बीपी पडलेलं, ताप, सहा तासांच्या आत फुप्फुसं भरलेली: ही दात्याच्या प्रतिपिंडांनी फुप्फुसाला केलेली इजा, तिथे लॅसिक्सने काही साधत नाही, उलट बीपी आणखी पडतं. पहिला प्रकार बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. अशा पेशंटला एका वेळी एकच पिशवी, तीन-साडेतीन तास घेऊन, आणि दुसरी लावण्याआधी पुन्हा तपासून. ४५० मिलि रक्तातून निघालेली पिशवी मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढवते. स्थिर पेशंटचं ७ च्या वर गेलं की दुसरीची बहुतेक वेळा गरजच नसते.

पावसाळा संपता संपता डेंग्यू येतो आणि प्लेटलेटच्या चिठ्ठ्या घेऊन अटेंडर शहरभर पळतात. “जंबो पॅक” म्हणजे एसडीपी: एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या किमान ३ गुणिले १० चा अकरावा घात इतक्या प्लेटलेट. साध्या आरडीपीने (एका रक्तदानाच्या पिशवीतून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटने) आकडा ५ ते १० हजारांनी चढतो, जंबोने ३० ते ५० हजारांनी. पण रक्तस्राव नसेल आणि आकडा दहा हजारांच्या वर असेल तर डेंग्यूत प्लेटलेट देऊन काही मिळत नाही. तिथे जीव वाचतो तो वेळच्या वेळी नेमकं सलाइन आणि बीपीवर नजर ठेवून. हे पटवण्यात आमचा जितका वेळ जातो तितका रक्त लावण्यात जात नसेल. पपईच्या पानांचा रस तोवर घरून आलेलाच असतो. द्यायच्याच असतील तर प्लेटलेटसाठी सेट नवा घ्यायचा, लाल पेशी गेलेला वापरायचा नाही, आणि पिशवी अर्ध्या तासात संपवायची.

सिकलसेलच्या पेशंटला रक्त देताना हिशेब बदलतो. पश्चिम मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवातही १ जुलै २०२३ रोजी याच राज्यात, शहडोलला झाली. या मुलांचं नेहमीचं हिमोग्लोबिनच ७-८ असतं, त्यावर ती चालतात-फिरतात. रक्त देऊन ते १० च्या वर नेलं तर रक्त दाट होऊन नसा तुंबतात. वारंवार रक्त घेतल्याने त्यांच्यात प्रतिपिंडंही लवकर बनतात, म्हणून आरएचचे सी, ई आणि केल हे प्रतिजनही जुळवून मागावेत. थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त त्यांच्यासाठी आग्रहाने मागायचं, आणि लोह काढणारं औषध चालू आहे का हे दर खेपेला विचारायचं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. या मुलांच्या आईबापांकडे बदली दाता (रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस) मागणं नियमात बसत नाही. कुणी मागत असेल तर आपण मध्ये पडायचं.

पिशवी संपल्यावर संपण्याची वेळ, गेलेलं प्रमाण, शेवटचं तापमान आणि बीपी लिहायचं, युनिट नंबरचा स्टिकर फाइलमध्ये लावायचा. रिकामी पिशवी पिवळ्या थैलीत, सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. प्रतिक्रिया झाली असेल तर ती किरकोळ वाटली तरी फॉर्म भरायचा. देशाचा हिमोव्हिजिलन्स (रक्त दिल्यावरच्या प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा) कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला आणि त्याची सगळी माहिती नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेत जमा होते. फॉर्म भरला की आपल्यावर येईल या भीतीने तो दडवला जातो. त्यावर सिस्टरचं नाव कुणाला शिक्षा करायला लागत नाही, ही खात्री वॉर्ड इन्चार्जने द्यायला हवी, नाहीतर अंगावर उठलेली गांधीसुद्धा ‘सेल्फ रिझॉल्व्ह्ड’ म्हणून फाइलबाहेर राहते.

उशिरा होणारी प्रतिक्रिया मात्र आपल्याला दिसत नाही. जुनी, आकडा खाली गेल्याने तपासणीत न सापडलेली प्रतिपिंडं नव्या रक्ताने जागी होतात आणि साधारण तीन ते चौदा दिवसांत चढवलेल्या पेशी फुटायला लागतात. तोवर पेशंट अलीराजपूरच्या एखाद्या फाळ्यात (वस्तीत) पोचलेला असतो आणि घरचे कावीळ समजून झाडफूक करायला नेतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर रक्त दिल्याची तारीख, गट, किती पिशव्या, प्रतिपिंडं सापडली असतील तर त्यांची नावं लिहितो. खाली हिंदीत ठळक अक्षरांत: डोळे पिवळे झाले, लघवी चहाच्या रंगाची झाली, पुन्हा एकदम थकवा आला, तर हे कार्ड घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि रक्त चढलं होतं हे आधी सांगा. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्या माणसाकडून तेवढं एकदा म्हणवून घेतो, आणि मगच कार्ड हातात देतो.